आधी खुराडं, मग कोंबडी

कोंबडी मेली की आमच्या वाळवा तालुक्यात पंचनामा दोन शब्दांत उरकतो. "रोग आला." झालं. कुठला रोग, कशानं आला, शेजारणीच्या का राहिल्या आणि आपल्याच का गेल्या, असं कुणी विचारत नाही. म्हैस आजारी पडली तर रात्री डॉक्टरला फोन जातो, कुणीतरी गाडी काढून आणायला जातं. कोंबड्या बारा मेल्या तर पाटीत भरून ओढ्याला टाकतात आणि पुढच्या बाजाराला नव्या आणतात. नव्या त्याच खुराड्यात कोंडतात. महिनाभरात त्याही जातात. पुन्हा "रोग आला."

मी दहावी शिकलेली बाई. इस्लामपूरच्या शिवारात चाळीस वर्षं ऊस, भुईमूग, सोयाबीन आणि कोंबड्या असा संसार केला. ऊस कसा लावावा हे सांगायला कारखान्याचा माणूस बांधावर येतो. कोंबडी कशी ठेवावी हे सांगायला आजवर कुणी दारात आलं नाही, म्हणून हे लिहिते आहे. परसातली कोंबडी रोगानं मरते हे अर्धंच खरं. त्या रोगाला आत घेणारं, पोसणारं आणि औषध लागू पडू न देणारं जे असतं, ते तिचं खुराडं. आणि खुराडं काही आभाळातून पडत नाही. ते आपण केलेलं असतं, नाहीतर करायचं टाळलेलं असतं.

ह्या टाळाटाळीला एक मोठं सोयीचं वाक्य आहे. "गावठी कोंबडीला काय हुतंय?" गावठी काटक असते हे मला मान्य आहे. ती आपलं आपण चरते, घारीची सावली ओळखते, अंड्यांवर एकवीस दिवस हलत नाही, पिलांसाठी कुत्र्याच्या अंगावर जाते. पण काटक म्हणजे ती उपास सोसते, ऊन सोसते एवढंच. रोगाच्या विषाणूला गावठी आणि इंग्लिश कळत नाही. काटक आहे म्हणून तिच्यावर खर्च करायचा नाही, हा न्याय मला चांगला ओळखीचा आहे. घरातल्या बाईलाही तोच लावतात. "ती दणकट हाय, तिला काय हुतंय?"

आता खुराडी बघा. तुम्ही खेड्यातले असाल तर परसात जाऊन बघा, शहरातले असाल तर गावी गेल्यावर बघा. जिन्याखालची पोकळी, तिला पुढून एक पत्रा. बंद पडलेल्या फ्रिजचा सांगाडा. सिमेंटच्या पाइपचा तुकडा, एका तोंडाला दगड, दुसऱ्या तोंडाला पोतं. न्हाणीच्या भिंतीला टेकवलेली चार फरशा-पत्र्यांची पेटी, म्हणजे न्हाणीचं पाणी आयतंच खाली. ह्यात रात्री बारा-पंधरा कोंबड्या कोंबतात. आपल्या भाषेत कोंबणं आणि कोंबडी हे शब्द जवळचे असतील, पण म्हणून खरंच कोंबायची गरज नाही.

जुनं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. मातीच्या घरात कोंबड्या गोठ्याच्या आढ्यावर बसायच्या, रवणीची कोंबडी कोपऱ्यात डालग्याखाली असायची, पिलं चुलीच्या उबेला. तेव्हाही साथ आली की आळी रिकामी व्हायची. पण गोठ्याला वारा होता आणि कोंबडी जमिनीपासून वर बसत होती. पुढं मातीची घरं पडली, स्लॅब आले. नव्या घराच्या नकाशात देवघर आलं, टीव्हीची भिंत आली, मोटारसायकलीला पोर्च आला. कोंबडीला जागा कुणी काढलीच नाही. कारण नकाशा काढताना बाप्ये बसलेले असतात आणि कोंबड्या असतात बाईच्या. माझ्या मते सगळ्याचं मूळ इथं आहे.

बंद पेटीत काय होतं ते नीट समजून घ्या. कोंबडी रात्रभर शिटते. शिट ओली, खालची जमीन ओली, हवा हलत नाही. त्यातून अमोनिया निघतो. सकाळी खुराड्याचं दार उघडल्यावर ज्या वासानं आपले डोळे चुरचुरतात, त्या वासात ती बारा तास बसलेली असते. तिच्या श्वासनळीत धूळ आणि घाण बाहेर लोटणारी बारीक लव असते. अमोनियानं ती लव खराब होते. मग बारकासा आजारसुद्धा सरळ आत शिरतो. दुकानातून सर्दीची पुडी आणून पाण्यात कालवायची, आणि संध्याकाळी पुन्हा त्याच वासात कोंडायची, ह्याला उपचार म्हणत नाहीत.

दुसरी गोष्ट रक्ती हगवणीची. पिलं महिन्याची झाली की पंख पाडून, डोळे मिटून बसतात, शिटेतून रक्त जातं आणि दोन दिवसांत आटोपतं. ह्या रोगाचा जंतू शिटेतून बाहेर पडतो तेव्हा लगेच रोग देत नाही. त्याला पिकायला ओल आणि ऊब लागते. ती मिळाली की एक-दोन दिवसांत तो तयार होतो आणि पिलं टोचता टोचता त्याला गिळतात. जमीन कोरडी असेल तर तो पिकत नाही. म्हणजे कोरडी जमीन हेच पहिलं औषध, आणि ते फुकट आहे. आमच्याकडं उसाचं पाचट पुष्कळ, म्हणून खाली पाचट टाकतात. चांगलं आहे, पण कोरडं असेल तोवरच. भिजलेलं, काळं पडलेलं पाचट घातलं तर त्याची बुरशी पिलांच्या फुप्फुसात जाते. त्यापेक्षा भाताचं तूस बरं, आणि तेही ओलं झालं की काढून टाकायचं.

तिसरी गोष्ट गोचिडीची. कोंबडीची गोचीड दिवसा अंगावर सापडत नाही. ती भिंतीच्या भेगेत, लाकडाच्या सांध्यात, दगडाच्या फटीत दडून बसते आणि रात्री बाहेर येऊन रक्त पिते. म्हणून बाया सांगतात, "अंगावर काय नाही वो, तरी तुरा पांढरा पडलाय, अंडी बंद झाली." ही गोचीड रक्ताशिवाय महिनोन्महिने जगते. आठ दिवस खुराडं रिकामं ठेवलं आणि नव्या कोंबड्या आणल्या, तर आपण फक्त तिला नवं ताट वाढलं. भेगा बुजवायच्या, उकळतं पाणी ओतायचं, लाकूड नसेल तिथं जाळ फिरवायचा आणि चुना मारायचा. वर्षातून दोनदा घराला रंग द्यायची ऐपत असलेली माणसं खुराड्याला चुना मारत नाहीत.

"मग बंद न करून काय करायचं? मुंगूस हाय की!" हे उत्तर मला शंभरदा मिळालं आहे आणि ते खोटं नाही. आमच्याकडं ऊस घराच्या भिंतीला लागलेला. मुंगूस, रानमांजर, कोल्हा, मोकाट कुत्री, सगळ्यांना तो आडोसा. मुंगूस शिरलं तर एक खाऊन जात नाही, असतील तेवढ्यांच्या माना फोडतं. त्या भीतीनं माणूस फट दिसेल तिथं पत्रा ठोकतो, चिंधी कोंबतो, आणि शेवटी हवेची वाटही बुजवतो. मुंगसापासून वाचलेली कोंबडी कोंडून मरते. ह्या दोन्हीवर एकच इलाज आहे : अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी. हवा जाते, मुंगूस जात नाही. षट्कोनी घरांची स्वस्त पातळ जाळी कुत्रं दातानं फाडतं, ती घेऊ नये. वेल्डमेश महाग पडते असं म्हणणाऱ्यानं वर्षात मुंगसानं नेलेल्या कोंबड्या मोजाव्यात.

उन्हाळ्याचंही तेच. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं एवढाच तिचा उपाय. चैत्र-वैशाखात उघड्यावरच्या बुटक्या पत्र्याखाली रवणीची कोंबडी बसवली तर अंडी वाया जातात आणि कोंबडीही. मग म्हणायचं, औंदा रवण साधली नाही. रवण कशी साधेल? वर तवा तापलेला.

आता मानमोडीचं बोलू, कारण आळ्याच्या आळ्या रिकाम्या करते ती हीच. हिरवी पातळ शिट, घशात घरघर, पंख लोंबलेले, मान पिरगळून पाठीवर. पुस्तकात ह्या रोगाला राणीखेत म्हणतात. 1926 साली तो जावा बेटावर आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसलला नोंदला गेला, पुढच्या वर्षी आपल्याकडं हिमालयात राणीखेतला. म्हणून जगात त्याला न्यूकॅसलचा रोग म्हणतात आणि आपण राणीखेत. तो विषाणूचा रोग. एकदा लागला की औषध नाही. जी गोळी, जी पुडी, जे इंजेक्शन दुकानदार देतो ते मानमोडी बरी करत नाही. पण लस आहे. त्याच कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरच्या सरकारी संस्थेत 1940च्या दशकात ती तयार झाली. आज पुण्यात औंधला राज्य सरकारची संस्था कोंबड्यांच्या लसी बनवते. पिलू पहिल्या आठवड्यात असताना लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात नाहीतर नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमाराला पुन्हा एकदा, आणि आठव्या आठवड्यात पंखाखाली आर-टू-बीचं इंजेक्शन. पुढं डॉक्टर सांगतील तसं. देवीचीही लस आहे. देवी डासांनी पसरते, तुऱ्यावर आणि डोळ्याभोवती खपल्या धरते.

ऐंशी वर्षं लस आहे आणि ऐंशी वर्षं आमच्या आळीत मानमोडी येते. असं का?

पहिलं कारण बाटली. लशीची लहान बाटली शंभर पक्ष्यांची असते. ती बर्फात आणावी लागते, आणि एकदा पाण्यात कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. माझ्या परसात कोंबड्या चौदा. शेजारणीकडं नऊ. दवाखान्यात गेलं की उत्तर, "काकू, चौदा कोंबड्यांसाठी बाटली फोडायची का?" त्या माणसाचं एकट्याचं चुकतं असं मी म्हणत नाही. बाटली मोठ्या पोल्ट्रीच्या मापानं भरलेली आहे. पाच हजार पक्ष्यांच्या शेडला ती बरोबर बसते. परसातली कोंबडी त्या मापात कुणी धरलेलीच नाही.

दुसरं कारण पुन्हा खुराडं. समजा सगळ्या आळीनं मिळून बाटली आणली. लस टोचणारी सकाळी दहाला आली. कोंबड्या कुठं आहेत? अर्ध्या उसात, चार झाडावर, दोन पाटाच्या कडेला. ज्यांना राती राहायला धड जागा नाही त्या पहाटे हाती कशा लागणार? कोंबडीला लस द्यायची ती दिवस उगवायच्या आत, खुराड्याचं दार उघडायच्या आधी, एकेक उचलून. त्यासाठी माणसाचा हात कोपऱ्यापर्यंत पोचेल असं दार लागतं. पाइपात हात पोचत नाही. घर नसेल तर लस नाही, आजारी कोंबडी वेगळी काढायला जागा नाही, आणि कोण मलूल आहे हे बघायलाही सोय नाही. म्हणून मी म्हणते की निवारा आणि आरोग्य ह्या दोन गोष्टी नाहीत.

सरकार काय करतं? सरकार कोंबड्या वाटतं. एकात्मिक कुक्कुट विकास योजना म्हणून एक आहे. तिच्यात आठ-दहा आठवड्यांच्या 25 तलंगा आणि 3 कोंबडे असा गट, नाहीतर एका दिवसाची 100 पिलं, निम्म्या अनुदानावर. योजनेचा सुरुवातीचा तक्ता बघण्यासारखा आहे. तलंगांच्या गटाचे 6000 रुपये : पक्षी 3000, खाद्य 1400, वाहतूक 150, भांडी 400, औषधं 50, रात्रीचा निवारा 1000. अठ्ठावीस पक्ष्यांना औषध पन्नास रुपयांचं, म्हणजे डोई दोन रुपयेसुद्धा नाहीत. 100 पिलांच्या गटाचे 16000 : पिलं 2000, खाद्य 12400, वाहतूक 100, औषधं 150, भांडी 350, आणि रात्रीचा निवारा? तोही 1000. अठ्ठावीस पक्ष्यांना हजार आणि शंभर पक्ष्यांनाही हजार! ज्यानं हा आकडा लिहिला त्यानं शंभर कोंबड्या रात्री एका जागी बसलेल्या कधी बघितल्या असतील का? पुढं दर वाढले, पण विचार तोच राहिला. पक्षी आधी, घर नंतर. वाटपाचा फोटो निघतो तो पक्ष्यांचा. खुराड्याच्या फोटोला पाहुणे येत नाहीत.

आणि आमच्या पुरुषमंडळींना शेड बांधता येत नाही असंही नाही. इस्लामपूरला हे सांगायला नको. कडकनाथचं जे झालं ते इथंच झालं. कडकनाथ ही मध्य प्रदेशात झाबुआकडची, भिल्ल-भिलालांनी पिढ्यान्पिढ्या परसात सांभाळलेली काळी कोंबडी. 2018 साली झाबुआला तिचं भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच सुमाराला इथल्या एका कंपनीनं पिलं द्यायची, अंडी आणि पक्षी चढ्या भावानं परत घ्यायचे, अशी साखळी काढली. माणसांनी कर्ज काढलं, दागिने मोडले आणि शेडी उभ्या केल्या. जाळ्या आल्या, बल्ब आले, पाण्याची भांडी आली, तूस आलं, लशीही आल्या. 2019 ला साखळी तुटली. खाद्य बंद झालं, अंडी उचलायला कुणी येईना, पक्षी शेडीत उपाशी मेले. त्या सप्टेंबरात मुख्यमंत्र्यांची महाजनादेश यात्रा सांगली जिल्ह्यात आली तेव्हा ताफ्यापुढं कडकनाथ कोंबड्या आणि अंडी फेकली गेली. फसलेल्यांबद्दल मला वाईट वाटतं, त्यात माझ्या ओळखीची माणसं आहेत. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. लाखाच्या बोलीवर जी शेड महिन्यात उभी राहिली, तिच्या दहाव्या हिश्शाचं खुराडं घरच्या कोंबड्यांना वीस वर्षांत का नाही उभं राहिलं? त्या कोंबड्या तर खरोखर अंडी देत होत्या, आणि ती तुमच्याच ताटात पडत होती.

बर्ड फ्लूची गोष्ट ह्याहून कडू आहे. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला तो देशात पहिल्यांदा आला. 2021 च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला आला. रोग सापडला की ठरलेल्या अंतरातले सगळे पक्षी मारावे लागतात, परसातलेही. त्यामागचं कारण मला पटतं, साथ थांबवायला दुसरा मार्ग नसतो. पण तेव्हा सरकारी माणूस अंगभर पांढरा पोशाख घालून घरोघरी जातो, कोंबडी अन् कोंबडी मोजतो, डालग्याखालची रवणीचीसुद्धा काढतो. मारायला घरोघरी माणूस पोचतो, तर लस द्यायला का पोचत नाही? मारण्यापुरती आमची चौदा कोंबडी मोजणीत येते. जगवण्यासाठी ती मोजायची झाली की बाटली मोठी पडते.

"दहा कोंबड्यांसाठी एवढं कोण करतंय?" असं विचारणारे बहुतेक बाप्येच असतात. त्यांना हिशेब मांडून दाखवते. गावठी कोंबडी वर्षाला साठ अंडी देते असं धरा. दहा कोंबड्यांची सहाशे. दहा रुपयांना एक म्हटलं तरी सहा हजार झाले. शिवाय दोन-तीन रवणी, कोंबडे, आणि घरात पोरांच्या पोटात गेलेली अंडी वेगळीच. उसाच्या बिलापुढं हा पैसा काहीच नाही, मान्य. पण उसाचं बिल सोसायटीच्या खात्याला जातं, कर्जाला जातं, आणि उरेल ते बाप्याच्या खिशात. अंड्याचा पैसा बाईच्या डब्यात पडतो. त्यातून पोरीची वही येते, एसटीचं तिकीट येतं, डॉक्टरची फी येते, माहेरच्या भाच्याला झबलं येतं. तो पैसा तिला कुणाला मागावा लागत नाही. बारा कोंबड्या मेल्या म्हणजे बाप्याला वाटतं बारा कोंबड्या मेल्या. बाईचा वर्षाचा डबा रिकामा झालेला असतो.

मग करायचं काय? फार मोठं काही नाही. खुराडं जमिनीपासून दीड-दोन फूट वर असावं, खाली खांब, खांबांच्या मध्ये मोकळं. तळाला फटी ठेवलेल्या बांबूच्या कामट्या नाहीतर मजबूत जाळी, म्हणजे शिट खाली पडते, आणि रोज खरडून खताच्या खड्ड्यात जाते. रात्रीपुरतं राहायचं असेल तर एका कोंबडीला दीड चौरस फूट जागा. आत गोल कडांची आडवी काठी, प्रत्येकीला आठ इंच. भिंतीचा वरचा भाग जाळीचा, पावसाकडची बाजू पोत्याच्या पडद्यानं झाकता येईल अशी. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर ऊन आत घुसत नाही. पत्र्यावर पाचट टाकलं तर उन्हाळा सुसह्य होतो. चार-पाच कोंबड्यांत अंड्यासाठी एक अंधारी खोकी. दार एवढं की बाईचा हात आणि खराटा आत फिरेल. शेजारी राखेची पाटी, तिच्यात लोळून कोंबडी अंगच्या उवा झाडते. हे सगळं पडक्या घराच्या वाशांतून, जुन्या पत्र्यांतून, गावच्या सुताराकडून होतं. विकत आणायची ती जाळी.

आणि चार सवयी. बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवायची. मलूल कोंबडी बाजाराला न्यायची नाही. आपला तोटा दुसरीच्या परसात ढकलणं हे पाप आहे, आणि साथ अशीच गावोगाव फिरते. मेलेली ओढ्याला, कॅनॉलला टाकायची नाही. कुत्री तिला गावभर फिरवतात. खड्डा करून चुना टाकून पुरायची. आजारी कोंबडी कापून पिसं उकिरड्यावर टाकली तर उरलेल्या तिथंच चरतात हे ध्यानात ठेवायचं.

लशीचं काम एकटीनं होणार नाही, ते आळीनं करायचं आहे. शंभराची बाटली वाईट नाही, आपण चौदा-चौदा होऊन जातो ते वाईट. आठ घरं एकत्र आली की शंभर कोंबड्या होतात. उमेदच्या बचत गटांत पशुसखी आहेत, त्यांना हे काम शिकवता येतं. दूर आफ्रिकेत मोझांबिक, टांझानियाच्या खेड्यांत गावातलीच माणसं वर्षातून तीनदा ठरल्या दिवशी घरोघरी फिरून डोळ्यात थेंब घालतात. ती लस ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात खास खेड्यातल्या कोंबड्यांसाठी तयार झाली, उष्णता सोसणारी. आपल्याच तामिळनाडूच्या पशुवैद्यकीय विद्यापीठानं परसातल्या कोंबड्यांना खाऊ घालायची गोळीची लस बनवली. म्हणजे लहान कोंबडीवालीचा विचार करता येतो, करणाऱ्यांनी केला आहे. औंधला दहा-वीस पक्ष्यांची बाटली भरता येणार नाही असं मला कुणी पटवून द्यावं.

माझ्या मागण्या साध्या आहेत. कोंबड्या वाटायच्या आधी खुराडं बघा. जिथं खुराडं नाही तिथं पहिला हप्ता जाळीचा आणि बांबूचा द्या, पक्षी दुसऱ्या हप्त्याला. घरकुलाच्या नकाशात परसाची चार फूट जागा कोंबडीला दाखवा. पाऊस लागायच्या आधीची एक पहाट आणि थंडीच्या तोंडावरची एक पहाट, गावात दवंडी देऊन लशीसाठी ठरवा. ग्रामसभेत हा विषय आला की हसायचं बंद करा. मी दोनदा मांडला, दोन्ही वेळेला हशा झाला. हसणाऱ्यांत असे होते की ज्यांच्या पोरांची दहावीची फी अंड्याच्या पैशानं भरली गेली आहे, आणि ते त्यांना माहीतही नाही.

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही असं आपण म्हणतो. झाकलेलं कोंबडं जगतं का, हे मात्र कुणी विचारलं नाही. ते आता विचारू या. हे वाचून झालं की परसात जा, खुराड्यापुढं कोंबडीच्या उंचीला वाका आणि एक लांब श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर दुकानात औषध मागायला जाऊ नका. आधी मागची भिंत फोडा आणि तिथं जाळी बसवा.